नेदरलँड्सहून घरच्यांसाठी काय आणायचं आणि कोणत्या क्रमाने: यादीपासून बॅग उघडेपर्यंत

मी आम्स्टेलवेनला राहते. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत आमच्याकडे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची ये-जा चालू असते, आणि परतीच्या आदल्या रात्री दर वेळी तेच घडतं. दिवाणखान्यात बॅगा उघड्या पडलेल्या, बाथरूममधला वजनकाटा बाहेर आलेला, आणि कुणीतरी विचारतं, "अगं, हे चीज सासूबाईंना चालेल ना? त्या अंडंसुद्धा खात नाहीत." तेव्हा कुठे पहिल्यांदा लेबल वाचलं जातं. दुकान बंद झालेलं असतं आणि विमान सकाळचं असतं.

चुकाही ठरलेल्याच. पहिल्याच दिवशी आम्सटरडॅमच्या डामराकवर जड वस्तू घेतल्या जातात आणि आठवडाभर हॉटेलाहॉटेलांतून वाहिल्या जातात. चीज तिसऱ्या दिवशी घेतलं जातं आणि खोलीत तसंच पडून राहतं. ट्युलिपचे कंद घेतले जातात, जे भारतात असे नेताच येत नाहीत. मग उरलेली यादी स्किपोल विमानतळावर जास्त पैसे मोजून पुरी होते. हे टाळायला खर्च वाढवावा लागत नाही, क्रम बदलावा लागतो: टिकाऊ वस्तू वाटेत, कोरडा खाऊ शेवटच्या दोन दिवसांत आणि चीज अगदी शेवटी.

## टप्पा १: निघण्याआधी माणसांची यादी करा

वस्तूंची यादी करू नका. माणसांची करा, आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: शाकाहारी आहेत का, अंडं चालतं का, आणि रक्तदाब किंवा मधुमेह आहे का. ही तिसरी नोंद लोकांना उगाचची वाटते. पुढे ज्येष्ठमधाच्या गोळ्यांपाशी आलो की तिचं कारण कळेल.

मग नावांचे दोन गट पाडा. ज्यांना नक्की काही खास द्यायचं आहे अशी चार-पाच माणसं एकीकडे. ऑफिस, सोसायटी, मुलाच्या वर्गातली मुलं दुसरीकडे. दुसऱ्या गटाला सगळा खाऊ सुपरमार्केटातून. पहिल्या गटासाठीच काय ते विचार करून घ्यायचं.

बॅगेत जाताना हे घालून न्या:

- एक कडक प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा डबा, साधारण पोळ्यांच्या डब्याएवढा. मोडणाऱ्या वस्तू यातच येणार. जाताना त्यात चार्जर आणि औषधं भरा.
- चार-पाच मोठ्या झिपच्या पिशव्या.
- हुकाचा छोटा वजनकाटा.
- पाच-सहा किलोची रिकामी जागा. ही जागा नसेल तर बाकीचा लेख वाचून उपयोग नाही. आधी दोन जीन्स घरी ठेवा.

तपासा: तुमच्या तिकिटावर एका नगाला किती किलो आणि किती नग, हे जाण्या-येण्याचं दोन्हीकडचं पाहिलंत का? मधल्या विमान कंपनीचा नियम कधीकधी वेगळा असतो.

## टप्पा २: पैसे आणि वार

इथे छोट्या दुकानांत रोख घेत नाहीत, हे पाहुण्यांना खरं वाटत नाही. दारावर 'पिन ओन्ली' लिहिलेलं असेल तर आत फक्त कार्ड चालतं. काही ठिकाणी क्रेडिट कार्डही नाकारतात, म्हणून फॉरेक्स डेबिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड दोन्ही जवळ ठेवा. आठवडी बाजारासाठी थोडी रोख असू द्या.

दुकानं आपल्यासारखी रात्री दहापर्यंत उघडी नसतात. लहान शहरांत सहाला शटर पडतं, आणि सोमवारी सकाळी बरीच दुकानं बंदच असतात. डेल्फ्ट किंवा खाउदा सोमवारी सकाळी ठेवू नका. (गावाचं नाव आपण 'गौडा' वाचतो, पण इथे ते 'खाउदा' आहे; दुकानात तसं म्हटलं की लगेच कळतं.) खाउदाचा चीज बाजार उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी भरतो, आल्कमारचा शुक्रवारी. तुमच्या तारखांना तो आहे का, हे आधी पाहा.

सहल २७ एप्रिलच्या आसपास असेल तर तो दिवस मोकळा ठेवा. राजाच्या वाढदिवसाला, कोनिंग्सडाखला, लोक घरातल्या जुन्या वस्तू रस्त्यावर मांडून विकतात. मुलं आपली खेळणी घेऊन चटईवर बसलेली असतात. जुन्या टाइल्स, पत्र्याचे डबे, नाइन्त्ये या सशाची चित्रपुस्तकं असं बरंच काही एक-दोन युरोत मिळतं. पर्यटकांच्या दुकानात कधीच न दिसणारी भेट इथे सापडते.

## टप्पा ३: डेल्फ्टची निळी भांडी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे वेळ घ्या. 'डेल्फ्ट ब्लू' असं लिहिलेली प्रत्येक वस्तू डेल्फ्टमध्ये झालेली नसते, आणि 'हँडपेंटेड' लिहिलेली प्रत्येक वस्तू पूर्ण हाताने रंगवलेली नसते. छापील वस्तू वाईट असते असं अजिबात नाही. बारा जणांना द्यायचे फ्रिजवरचे चुंबक छापीलच असायला हवेत. पण छापील बशीला हातच्या कामाचे पैसे देऊ नका.

ओळखायचं असं:

1. वस्तू उलटी करा. डेल्फ्टमध्ये १६५३ पासून चालू असलेल्या रॉयल डेल्फ्टच्या हातरंगाईच्या कामाखाली छोट्या बरणीची खूण, तिच्याखाली जोडलेली आद्याक्षरं, 'डेल्फ्ट' हा शब्द, वर्षाचं संकेताक्षर आणि रंगवणाऱ्याची आद्याक्षरं असतात. नुसता 'डेल्फ्ट ब्लू, हॉलंड' असा छाप म्हणजे काहीही सिद्ध होत नाही.

2. फोनचा कॅमेरा पूर्ण मोठा करून निळा रंग पाहा. हाताच्या कामात एकाच पानात तीन-चार निळ्या छटा दिसतात. जिथे कुंचला उचलला तिथे रंग साचून गडद झालेला असतो, जिथे पाणी जास्त तिथे फिका. छापील कामात रंग सपाट असतो किंवा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. गोल भांड्यावर नक्षीचा कागद जिथे जोडला, तिथे एखादी रेघ तुटलेलीही सापडते.

3. दोन सारख्या वस्तू शेजारी ठेवा. इथे लोक फसतात: बाह्यरेषा तंतोतंत सारखी दिसली म्हणून हातच्या कामाला छापील समजतात. खरं तर कारागीर टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड फिरवून आधी रेषेचे ठिपके उमटवतात, आपल्याकडे रांगोळीचा छापाचा कागद असतो ना, अगदी तसंच. मग रंग भरतात. त्यामुळे आकार सारखा असणारच. फरक छटांमध्ये शोधा.

4. विक्रेत्याला थेट विचारा: पूर्ण हाताने रंगवलेलं, की छापून वर थोडा हात मारलेला? नामांकित कारखानेही स्वस्त छापील मालिका विकतात, आणि विचारलं तर सरळ सांगतात.

डेल्फ्टला गेलात तर कारखान्यात रंगवताना बघा. कोबाल्टचा रंग लावताना काळा असतो, भट्टीतून निघाला की निळा होतो. गेल्या मे महिन्यात माझी आत्या त्या काळ्या फुलासमोर दहा मिनिटं उभी होती. नंतर तिने यादीतल्या चार बश्या खोडल्या आणि एकच टाइल घेतली.

माझा सल्लाही तोच आहे: हातरंगाईची एक टाइल. सपाट असते, मोडायची भीती कमी, पूजेच्या खोलीबाहेर किंवा ओट्यावर भिंतीला लागते आणि वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहते. फुलदाण्या सुंदर असतात, पण त्यांची मान प्रवासात टिकवणं कठीण.

सावधान: बशीत जेवण वाढायचं असेल तर ती जेवणासाठी आहे की फक्त शोभेची, हे विचारून घ्या. जुन्या बाजारातली भांडी शोभेलाच ठेवा.

## टप्पा ४: लाकडी वस्तू आणि रोजच्या वापराच्या चिजा

क्लोम्पेन, म्हणजे लाकडी बूट, पॉप्लर किंवा विलोच्या लाकडाचे असतात. कुणी खरोखर घालणार असेल, बागकाम करणारे काका वगैरे, तर जाड मोजे घालून मापून घ्या. टाचेमागे एक बोट जाईल एवढी जागा हवी, कारण लाकूड पायाप्रमाणे ताणत नाही. दुसऱ्याच्या पायाचं माप अंदाजाने घेऊ नका. त्याच्या पावलाची रेघ कागदावर मारून आणा आणि लांबी सेंटिमीटरमध्ये सांगा. नुसती आठवण म्हणून हवे असतील तर लहान मुलाच्या मापाची जोडी घ्या, गॅलरीत कुंडीसारखी टांगता येते. मोठ्या जोडीचं वजन आणि आकार बॅगेचा कोपरा खाऊन टाकतो. घेतलीच तर पोकळीत मोजे आणि खाऊ भरा.

आता ज्या वस्तू पर्यटकांच्या दुकानात मागे पडलेल्या असतात आणि मला सगळ्यात आवडतात:

वाढदिवसांचं कॅलेंडर. इथे जवळजवळ प्रत्येक घरात ते टांगलेलं असतं, बहुतेक वेळा संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला. त्यावर तारखा असतात, वार नसतात, म्हणून ते दर वर्षी चालतं. आईला किंवा आजीला द्यायचं असेल तर रिकामं देऊ नका. विमानात बसून घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस तुमच्या अक्षरात लिहून काढा. 'हेमा' नावाच्या साखळी दुकानात किंवा संग्रहालयाच्या दुकानात मिळतं. रेइक्सम्युझियमच्या दुकानात जायला तिकीट लागत नाही.

चीजचे पातळ काप काढायची सुरी, म्हणजे कासस्खाफ. चपटी, मधे एक फट असलेली. आपल्याकडे हिचा उपयोग चीजपेक्षा काकडीच्या पातळ चकत्यांना जास्त होतो, असं माझी आई सांगते. पात्याला धार असते, म्हणून चेक-इनच्या बॅगेतच ठेवा.

बाटली निपटायचा लांब दांडीचा रबरी चमचा, फ्लेस्सनलिक्कर. सॉसच्या बाटलीतलं शेवटचं थेंबभरही काढतो. काही वाया न घालवणाऱ्या घरात याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

स्पेक्युलास या मसालेदार बिस्किटांचा लाकडी साचा. पवनचक्की किंवा माणसाची आकृती कोरलेला. घेताना कोरीव काम खोल आहे ना, हे बोट फिरवून पाहा. उथळ साचे भिंतीवर टांगायचे असतात, त्यात पीठ उमटत नाही.

लहान बाळासाठी नाइन्त्ये, म्हणजे दिक ब्रूना यांनी १९५५ मध्ये काढलेला ससा. भारतात तो मिफी म्हणून माहीत आहे. उत्रेख्त त्याचं गाव, तिथे गेलात तर तिथूनच घ्या.

## टप्पा ५: सुपरमार्केटची फेरी, परतीच्या दोन दिवस आधी

आल्बर्ट हाइन किंवा युम्बो, कोणतंही. विमानतळाजवळचं किंवा स्टेशनातलं छोटं दुकान नको, वस्तीतलं मोठं शोधा. ज्यांच्याकडे उतरला आहात त्यांचं सवलतीचं कार्ड मागून घ्या.

आधी लेबल वाचायला शिका. युरोपात ॲलर्जीचे घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात, त्यामुळे अंडं आणि दूध पटकन दिसतं. अंड्याचा डच शब्द फक्त 'ई' आणि 'आय' अशा दोन अक्षरांचा आहे, तो ठळक दिसला की बाजूला ठेवा. पण जिलेटिन ठळक छापलेलं नसतं, ते यादीत लपून बसतं. तसाच 'ई १२०', किड्यांपासून काढलेला लाल रंग, गुलाबी गोळ्यांमध्ये असू शकतो. शाकाहारी माणसांसाठी घेताना पूर्ण यादी वाचा. अनुवादाचं ॲप कॅमेऱ्यावर चालतं.

तारखेआधी 'टीएचटी' असेल तर तोपर्यंत चव उत्तम राहते. 'टीजीटी' असेल तर त्या दिवशी किंवा आधी खाऊन संपवायचं. भेट म्हणून टीजीटीवालं काही घेऊ नका.

स्ट्रोपवाफल. दोन पातळ वाफल्सच्या मधे पाकाचा थर. दहाच्या पाकिटाचं वजन साधारण ३०० ते ४०० ग्रॅम. निळ्या नक्षीच्या पत्र्याच्या डब्यातले आणि साध्या पाकिटातले, आत बहुधा सारखेच असतात, पैसे डब्याचे. एक डबा आजीला द्या, तिला नंतर सुपारीला होईल; बाकी सगळी पाकिटं साधी. 'रोमबोटर' लिहिलेलं म्हणजे खऱ्या लोण्यातलं, थोडं महाग पण घेण्यासारखं. पुष्कळ पाकिटांत अंडं असतं. बाजारात डोळ्यांसमोर भाजलेला गरम वाफल मात्र तिथेच उभ्याने खा. तो बांधून भारतात न्यायचा नसतो, दोन दिवसांत त्याची मजा जाते.

ऑन्टबाइटकुक. राईच्या पिठाचा, दालचिनी-लवंगेच्या वासाचा केकसारखा पाव. बऱ्याच प्रकारांत अंडं नसतं, दूधही नसतं, आणि तो टिकतो. अंडं न खाणाऱ्या घरासाठी माझी पहिली निवड हीच. स्पेक्युलास बिस्किटंही चालतील, पण ती चुरा होतात. कडक डब्यात ठेवा.

माउशेस. शब्दाचा अर्थ छोटे उंदीर, आणि आत निघते साखरेत घोळवलेली बडीशेपेच्या जातीची बी. बाळ जन्मलं की इथे गोल टोस्टवर लोणी लावून हे दाणे पसरतात आणि भेटायला येणाऱ्यांना देतात: मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. घरात बारसं ठरलेलं असेल तर याहून नेमकी भेट मला माहीत नाही. चव तर आपल्या जेवणानंतरच्या रंगीत बडीशेपेची, त्यामुळे आजी-आजोबाही हात पुढे करतात.

हाखलस्लाख. पावावर भुरभुरवायचे चॉकलेटचे दाणे. मुलांना द्या, पण 'लोण्यावर' हे सांगून द्या. कोरड्या पावावरून ते घरंगळून जातात आणि 'यात काय विशेष' म्हणून डबा पडून राहतो.

ड्रॉप. इथे थांबा. या काळ्या गोळ्या ज्येष्ठमधाच्या अर्काच्या असतात आणि डच लोकांचा जीव त्यांत असतो. दोन शब्दांत फक्त एका स्वराचा फरक आहे: 'झूट' म्हणजे गोड आणि 'झाउट' म्हणजे खारट. खारटपणा मिठाचा नसतो, नवसागराचा असतो. 'दुब्बल झाउट' तर दुप्पट. मुलांच्या वर्गात ही पिशवी फिरली की काय होतं ते मी पाहिलं आहे, शिक्षिकेला कचऱ्याची टोपली फिरवावी लागली. भारतात न्यायची तर फक्त गोड, आणि पिशवीवर जिलेटिन आहे का ते पाहून.

सावधान: ज्येष्ठमधातल्या घटकाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ड्रॉप देऊ नका. 'ज्येष्ठमध आहे, घशाला चांगलं' म्हणून आजोबा रोज मूठभर खातील. टप्पा १ मधली तिसरी नोंद यासाठीच होती.

चॉकलेट घ्यायचंच तर बार घ्या, भरलेले नाजूक तुकडे नकोत. मे महिन्यात मुंबईला उतरणार असाल तर चॉकलेट यादीतून काढलंत तरी चालेल.

## टप्पा ६: चीज, शेवटच्या दिवशी

प्रश्न तीन आहेत: किती मुरलेलं, कशाने विरजलेलं, कसं बांधलेलं.

किती मुरलेलं. लेबलवर वय शब्दांत असतं. 'योंग' सुमारे चार आठवड्यांचं, मऊ आणि सौम्य. 'योंग बलेखन' आठ ते दहा आठवडे. 'बलेखन' चार महिने. 'एक्स्ट्रा बलेखन' सात-आठ महिने. 'आउट', म्हणजे जुनं, दहा-बारा महिने. 'ओव्हरयारिख' दीड वर्ष आणि पुढे. जितकं जुनं तितकं कोरडं, आणि तितकं प्रवासाला सोपं. मऊ योंग उन्हात घाम सोडतं. ज्यांना चीज म्हणजे सँडविचमधलं पिवळं काप एवढंच माहीत आहे त्यांना बलेखन द्या. ज्यांना तिखट-खमंग आवडतं त्यांना आउट. जुन्या चीजमध्ये दाताखाली कुरकुरीत पांढरे कण येतात. ते मीठ नाही आणि बुरशी तर नाहीच. मुरताना प्रथिनांतून तयार झालेले स्फटिक आहेत. हे भेट देताना सांगा, नाहीतर फोन येतो.

आणि एक प्रकार मराठी घरासाठीच केल्यासारखा आहे: जिऱ्याचं चीज, 'कोमाइनकास'. मेथीदाणे घातलेलंही मिळतं, त्याला अक्रोडासारखा वास असतो. पाहुण्यांच्या घरून दुसऱ्यांदा मागणी येते ती या दोघांची. निळं, लाल, लॅव्हेंडरचं अशी रंगीत चीजं पर्यटकांच्या गल्लीत मांडलेली असतात. मी घेत नाही; चव रंगाएवढी नसते.

कशाने विरजलेलं. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं एन्झाइम वापरतात. डच शब्द 'स्ट्रेमसल'. तो एकटाच लिहिलेला असेल तर शाकाहारी आहे असं धरू नका. 'व्हेजेतारिस स्ट्रेमसल' किंवा 'मिक्रोबियेल' असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. चीजच्या दुकानात विचारलं तर लगेच काढून देतात. कडक शाकाहारी घरात हे न विचारता नेलेलं चीज माझ्या डोळ्यांदेखत फ्रिजमध्ये एका कोपऱ्यात ठेवलं गेलं आणि कुणी हात लावला नाही. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोघांचंही मन दुखावलं.

कसं बांधलेलं. कापून घेतलेला तुकडा 'व्हॅक्यूम' करून मागा. बाजारातले दुकानदारही करून देतात. लेबल चिकटलेलं असू द्या. अर्धा-अर्धा किलोचे तुकडे करा, दोन किलोचं चाक नको: एकदा उघडलेलं चीज फ्रिजमध्येही लवकर संपवावं लागतं, आणि वाटायलाही छोटे तुकडे सोयीचे. पसरायचं मऊ चीज हातातल्या बॅगेत द्रवपदार्थात मोजलं जातं, ते चेक-इनमध्ये.

तपासा: व्हॅक्यूमची पिशवी चीजला घट्ट चिकटली आहे ना? कोपऱ्यात हवेचा फुगा दिसला तर पुन्हा सील करून घ्या.

## थांबा: हे नेऊ नका

- ट्युलिपचे कंद. भारतात लागवडीचे कंद आणायला आधी काढलेला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटावरचा अमेरिका-कॅनडासाठीचा शिक्का इथे उपयोगी नाही. शिवाय फुलायला त्यांना तीन-चार महिने सलग थंडी लागते, ती पुण्या-मुंबईच्या कुंडीत कुठून येणार? लाकडी ट्युलिप घ्या. पाच वेगवेगळ्या रंगांची जुडी छान दिसते आणि मोडत नाही.
- गांजाचं पान छापलेला खाऊ. लॉलीपॉप, बिस्किटं, चहा. आम्सटरडॅमच्या दुकानात उघड मांडलेलं असलं तरी भारतात हा अमली पदार्थांच्या कायद्याचा विषय आहे. गंमत म्हणूनही नाही, दुसऱ्याने दिलं म्हणूनही नाही.
- मांसाचे पदार्थ, वाळवलेले सॉसेज धरून.

येनेव्हर किंवा दुसरी दारू माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त नेता येते. मातीची बाटली सुंदर पण जड असते. जिथे उतरणार त्या राज्याचा नियमही पाहा.

भारताच्या कस्टम्स घोषणापत्रात दुग्धजन्य पदार्थांसाठी आणि बिया-रोपांसाठी वेगळी विचारणा असते. चीज घरच्यापुरतं, सीलबंद, लेबलसकट न्या आणि विचारलं की सरळ सांगा. करमुक्त सामानाची चालू मर्यादा तिकीट काढतानाच सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या.

## टप्पा ७: बॅग भरणं

1. तळाशी, चाकांच्या बाजूला, जड आणि न मोडणारं: लाकडी बूट, ऑन्टबाइटकुक, चॉकलेटचे बार.
2. मधोमध कडक डबा. त्यात टाइल, बशी, साचा. प्रत्येक वस्तू आधी मऊ कागदात, मग मोज्यात किंवा टॉवेलात. दोन वस्तू एकमेकींना भिडता कामा नयेत. डबा बंद करून कानाशी हलवा. खडखड झाली तर आणखी भरा. माझी एक बशी नीट गुंडाळलेली असूनही फुटली, कारण ती बॅगेच्या कडेला होती. तेव्हापासून डब्याच्या चारही बाजूंना किमान चार बोटं कपडे असतातच.
3. चीज झिपच्या पिशवीत, तिच्यावर टी-शर्टाची घडी, आणि ही पुडी सगळ्यात वर. उतरल्यावर पहिली तीच काढायची आहे.
4. स्ट्रोपवाफल आडवे, वर वजन नको.
5. पोस्टर असेल तर पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, हातात.

आता वजन करा. जास्त भरलं तर आधी खोकी काढा, वस्तू नव्हे. नुसत्या पुठ्ठ्यांचं वजन अर्धा किलो निघतं.

पण थांबा, बॅगेला कुलूप लावण्याआधी पुढचा टप्पा वाचा.

## टप्पा ८: कराचा परतावा

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला एका दुकानाच्या बिलावर ५० युरो किंवा जास्त खरेदी असेल तर कर परत मागता येतो. बहुतेक वस्तूंवर २१ टक्के कर असतो, खाण्यावर ९. मध्यस्थ कंपनी आपला वाटा कापते, त्यामुळे हातात कमी येतं. महागडी टाइल किंवा बशी घेतली असेल तर खटपट करा, खाऊसाठी नको.

क्रम असा: बिल करण्याआधी 'टॅक्स फ्री' हवं म्हणून सांगा. फॉर्मवर पासपोर्टप्रमाणे तुमचंच नाव हवं. इथे राहणाऱ्या भाच्याच्या नावाने बिल झालं तर परतावा मिळत नाही. वस्तू न वापरलेली, सीलबंद ठेवा. विमानतळावर आधी कस्टम्सची मान्यता, मग बॅग सोडणं. नेमकं हेच उलटं होतं: बॅग पट्ट्यावरून गेली, अधिकारी म्हणतात वस्तू दाखवा, आणि वस्तू विमानाच्या पोटात. म्हणून ती वस्तू असलेली बॅग चटकन उघडेल अशी ठेवा आणि तासभर जास्त हाताशी धरा.

## टप्पा ९: घरी पोहोचल्यावर

मुंबईहून पुण्याला किंवा नाशिकला गाडीने जाणार असाल तर चीजची पुडी डिकीत ठेवू नका, एसीत पायाशी घ्या. आठ तासांच्या उड्डाणापेक्षा डिकीतले चार तास त्याला जास्त मारक. घरी येताच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नको, भुगा होतो.

वाटताना तोंडाने दोन वाक्यं सांगा. चीजवरचं पिवळं किंवा लाल आवरण खायचं नसतं, ते मेणाचं किंवा प्लॅस्टिकचं असतं, सुरीने काढायचं. कापण्याआधी चीज अर्धा तास बाहेर ठेवायचं. उघडलेला तुकडा मेणकागदात गुंडाळायचा, घट्ट प्लॅस्टिकमध्ये नाही.

आणि स्ट्रोपवाफल गार खायला देऊ नका. कपात कडकडीत चहा ओता, वाफल कपाच्या तोंडावर झाकणीसारखा ठेवा, दोन मिनिटं थांबा. खालची बाजू वाफेने ओलसर होते, मधला पाक सैल पडतो, दालचिनीचा वास वर येतो. आपल्याकडचा कप कधीकधी लहान तोंडाचा असतो, तो चालतो. मोठ्या मगात मात्र वाफल आत पडतो. तेवढा कप आधीच शोधून ठेवा.